कोपऱ्यातली एक्सपी

पुण्याच्या पेठांमध्ये अक्षरजुळणीची जी थोडी जुनी दुकानं उरली आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एक संगणक असा सापडेल की ज्याला इंटरनेटची वायर लावलेली नाही. बाकीचे दोन-तीन संगणक नवे, चपट्या पडद्यांचे, आवाज न करणारे. हा मात्र कोपऱ्यात, कॅबिनेट पिवळट पडलेलं, पंखा घरघरतो. नव्या पोराने त्यात पेनड्राइव्ह खुपसला की मालक जागेवरून ओरडतो. नारायण पेठेतल्या माझ्या दुकानातही असा एक आहे आणि ओरडणारी मी आहे. त्यावर विंडोज एक्सपी आहे, पेजमेकर ७ आहे, मराठी फॉन्टांचा जुना संच आहे आणि मागच्या बाजूला काडेपेटीएवढं एक लॉक खोचलेलं आहे. त्या लॉकाबद्दल पुढे सांगते.

दुकानात येणारे लेखक, खास करून ज्यांची मुलं परदेशात संगणकाच्या क्षेत्रात आहेत ते, थबकून विचारतात, "ताई, अजून एक्सपी?" स्वरात थोडी कीव असते. पण पडद्यावरची हिरवी टेकडी आणि निळं आभाळ दिसलं की चेहरा खुलतो. "आमच्याकडे पण होती हो. काय छान होती!" मला या दुसऱ्या वाक्याचं कुतूहल वाटतं. प्रेशर कुकर बदलला म्हणून जुन्या कुकरबद्दल कोणी असं बोलत नाही. फोन तर इतके बदलतात की तीन फोनांपूर्वीचा कोणता होता तेही आठवत नाही. मग २००१ साली निघालेल्या आणि २०१४ साली कंपनीने हात झटकलेल्या एका ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल एवढा ओलावा कुठून येतो?

आधी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगते. आपण वापरतो ते प्रोग्राम, म्हणजे पेजमेकर, वर्ड, टॅली, यांतला कोणीही हार्ड डिस्कला किंवा प्रिंटरला थेट हात लावत नाही. ‘ही फाइल डिस्कवर लिही’, ‘हे पान प्रिंटरकडे पाठव’ असं तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो आणि ती ते करून देते. चार प्रोग्राम एकदम चालू असले तर कोणाला किती मेमरी द्यायची, प्रोसेसर कोणाकडे किती वेळ ठेवायचा, हेही तीच बघते. काम नीट चाललं असेल तर ती दिसतच नाही. बिघडली की दिसते. एक्सपीच्या आधी ती फार दिसायची.

विंडोज ९५ आणि ९८ या सिस्टिमींच्या पोटात जुनी डॉस होती. त्यांच्यात एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या मेमरीत पाय टाकला तर त्याला अडवायची सोय कच्ची होती, त्यामुळे एक बिघडला की सगळाच संगणक झोपायचा. सोळा पानांचा फर्मा लावून होत आला की निळा पडदा आणि त्यावर पांढरी अगम्य अक्षरं. हे फक्त आमच्याच नशिबी होतं असं नाही. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या एका प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चाललं होतं. स्कॅनर जोडला, आणि भरसभेत मोठ्या पडद्यावर तोच निळा पडदा आला. अख्खी सभा हसली. आम्ही इकडे हसण्याच्या स्थितीत नव्हतो. दिवाळी अंकाचा हंगाम, प्रेसवाल्याचे फोन, आणि दर परिच्छेदानंतर डाव्या हाताची बोटं आपोआप कंट्रोल-एसवर. ती सवय माझी अजून गेलेली नाही. नव्या संगणकावर फाइल आपोआप सेव्ह होते, तरी बोटं जातातच.

मायक्रोसॉफ्टकडे त्याच काळात दुसरी एक शाखा होती, एनटी नावाची, १९९३ पासूनची. ती भक्कम होती, पण ऑफिसांसाठी. तिला जास्त मेमरी लागायची आणि घरातले खेळ, स्वस्त स्कॅनर, किरकोळ जोडण्या तिच्यावर नीट चालतीलच असं नसे. २५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपी बाजारात आली तेव्हा खरी बातमी ही होती की एनटीचा पाया आता घरगुती संगणकालाही मिळाला. टेकडीचं चित्र, हिरवं स्टार्ट बटण, शोधाशोध करताना शेपटी हलवणारा पिवळा कुत्रा, हे सगळं वरचं. एक प्रोग्राम मेला तर तो एकटा मरायचा, बाकीचे चालू राहायचे. ज्याने ९८ वर रात्री काढल्या आहेत त्यालाच याचं मोल कळेल.

त्या टेकडीबद्दल थोडंसं, कारण विचारणारे फार असतात. ती टेकडी खरी आहे. चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तो फोटो काढला. नेहमी तिथे द्राक्षाचे मळे दिसायचे, पण किडीमुळे वेली काढून टाकलेल्या होत्या आणि नुकत्याच झालेल्या पावसाने गवत वाढलं होतं. नाशिकच्या माझ्या भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान झालं तो फोटो जगाने पंधरा वर्षं बघितला!

आता गंमत अशी की एक्सपी आली तेव्हा ती बऱ्याच जणांना फारशी आवडली नव्हती. निळ्या-हिरव्या गुबगुबीत बटणांना परदेशात लोकांनी लहान मुलांच्या खेळण्यांची उपमा दिली. आमच्याकडे पहिलं काम काय, तर ते सगळं बंद करून ‘क्लासिक’ रूप लावणं, म्हणजे पुन्हा ९८ सारखं राखाडी. शिवाय एकच सीडी दहा संगणकांवर टाकायच्या आपल्याकडच्या पद्धतीला तिने ‘ॲक्टिव्हेशन’चा अडथळा घातला. सुरुवातीला ती विषाणूंना इतकी मोकळी होती की २००४ साली दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि त्याने फायरवॉल आपोआप चालू केली, तेव्हा कुठे जरा बस्तान बसलं. माया नंतर आली. आणि ती यायला वेळ मिळाला, हे महत्त्वाचं. पुढची सिस्टिम, व्हिस्टा, सर्वसामान्य ग्राहकांना मिळाली ३० जानेवारी २००७ ला. म्हणजे पाच वर्षांहून जास्त काळ ‘नवं विंडोज’ म्हणजे एक्सपीच होती.

ती पाच-सात वर्षं आपल्याकडे नेमकी कोणती होती ते आठवून बघा. एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झालं आणि गावोगाव एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले. कोपऱ्या-कोपऱ्यावर सायबर कॅफे आले. दहावीच्या सुट्टीत मुलं आणि त्यांच्या मागोमाग नोकरीतली बढती हवी म्हणून बापही माउस धरायला शिकले. मराठी मध्यमवर्गाच्या फार मोठ्या हिश्श्याने आयुष्यातला पहिला संगणक पाहिला तो एक्सपीवर. आमच्याकडे येणारा चाळिशीतला माणूस टेकडी बघून खुलतो तेव्हा त्याला सिस्टिमपेक्षा ती सुट्टी आठवत असते, हे मला मान्य आहे. त्यात वाईट काही नाही. पिनबॉलचा तो अंतराळातला खेळही अनेकांना आठवतो. पुढे तो विंडोजमधून गेला, आणि का गेला हे मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी सांगितलं आहे: ६४ बिटांच्या रूपात आणताना चेंडू इतर वस्तूंना न धडकता त्यांच्यातून आरपार जायला लागला, आणि त्या जुन्या, बाहेरून घेतलेल्या कोडमध्ये चूक कुठे आहे ते त्यांना सापडेना.

पण आठवणीवर दुकान चालत नाही. माझ्या कोपऱ्यात ती आहे त्याचं कारण वेगळं आहे आणि ते मराठी अक्षरांत दडलेलं आहे.

इंग्रजीला सव्वीस अक्षरं, लहान-मोठी धरून बावन्न. जुन्या फॉन्टात एकूण जागा २५६, त्यातल्याही काही राखीव. आपल्याला स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं हवीत. एवढं सगळं पूर्ण अक्षर म्हणून बसवायला जागा कुठून आणणार? मग आपल्या लोकांनी अक्षरांचे तुकडे केले. अर्धा ‘ग’ एका जागी, काना दुसऱ्या जागी, दोन्ही शेजारी आले की पूर्ण ‘ग’. उकार वेगळा, तोही अक्षराच्या रुंदीप्रमाणे दोन-तीन तऱ्हांचा. संगणकाला वाटायचं की हा माणूस इंग्रजीच टंकतोय. डोळ्यांना मात्र मराठी दिसायची. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, अशा संचांवर मराठीतली अगणित पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं निघाली. यात लबाडी होती, पण फार हुशारीची लबाडी होती.

तिची किंमत अशी, की फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की रोमन अक्षरं, चिन्हं आणि डोक्यावर टोप्या घातलेली युरोपीय अक्षरं यांचा काला दिसतो. आणि प्रत्येक संचाने तुकडे आपापल्या पद्धतीने मांडले, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टात लावली तरी कालाच. नेहमीच्या कळांवर न मावलेली अक्षरं ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांनी आणायची. ते आकडे आम्हाला पाठ असत. भिंतीवर तक्ता असायचा, पण तो नव्या पोरांसाठी.

यावरचा खरा उपाय म्हणजे युनिकोड, आणि त्यातली देवनागरी आपल्याच इस्की या भारतीय संकेतपद्धतीच्या आधारावर उभी आहे. युनिकोडात ‘क’ हा ‘क’च असतो, फॉन्ट कोणताही लावा. गंमत बघा, मराठी युनिकोड बऱ्याच घरांत पोचलं तेही एक्सपीमार्फतच. कंट्रोल पॅनलमध्ये प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन एका चौकटीत बरोबरची खूण करायची, मग ती एक्सपीची सीडी मागायची, आणि ती सीडी कोणाकडेच नसायची. सीडी मिळाली की ‘मंगल’ फॉन्टात मराठी उमटायची. ‘दऱ्या’ लिहायला गेलं तर युक्ती माहीत नसलेल्याच्या पदरात ‘दर्या’ पडायचा, ते सोडा. ती वाट बरोबर होती. आता मी रोज नवं काम युनिकोडातच करते. जुन्या फॉन्टांचा अभिमान वगैरे मला नाही.

अडचण मागच्या कामाची आहे. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. १९८५ साली ऑल्डस कंपनीने काढलेला हा प्रोग्राम १९९४ मध्ये ॲडोबीकडे गेला, २००१ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि तिथेच त्याची गाडी थांबली. त्याच्या जागी आणलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय यायला २०१२ च्या सीएस ६ पर्यंत वाट बघावी लागली. मधली सगळी वर्षं मराठी पुस्तकं एक्सपी, पेजमेकर आणि जुन्या फॉन्टांच्या त्रिकुटावर निघाली. माझ्या कपाटात त्या वर्षांच्या सीड्या आहेत. एखाद्या लेखकाला २००४ च्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची असते. तो म्हणतो, फाइल आहे ना तुमच्याकडे, मग दोन दिवसांत द्या. फाइल आहे. ती वाचणारी यंत्रणा जगात हळूहळू संपत चालली आहे, हे त्याला कसं सांगायचं?

आता ते लॉक. चोरून कॉपी करू नये म्हणून त्या काळी महागड्या सॉफ्टवेअरबरोबर एक छोटी डबी मिळायची. ती संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात खोचायची. डबी नसेल तर सॉफ्टवेअर चालणार नाही. बाजारात तिला डोंगल म्हणत, आम्ही नुसतं लॉक म्हणायचो, आणि रात्री दुकान बंद करताना काही जण ते काढून घरी न्यायचे. या डबीशी बोलण्यासाठी ड्रायव्हर नावाचा एक लहान प्रोग्राम लागतो आणि तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी आत, तिच्या गाभ्यात चालतो. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ३२ बिटांचा ड्रायव्हर गाभ्यात शिरूच शकत नाही. म्हणजे ज्याने नवा ड्रायव्हर लिहायचा त्याने तो लिहिला नाही, तर पैसे देऊन घेतलेलं, चालू असलेलं, लॉकासकटचं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर लाकडासारखं पडून राहतं. विंडोज ११ तर ६४ बिटांतच येते, दुसरा पर्यायच नाही. शिवाय तो पंचवीस पिनांचा पोर्ट नव्या संगणकांवर दिसतच नाही.

हे एकट्या मराठी फॉन्टांचं दुखणं नाही. लाखो रुपयांची कटाईची यंत्रं, प्रयोगशाळेतली उपकरणं, दवाखान्यातली तपासणीची मशीनं पुढची वीस वर्षं चालण्यासारखी असतात, पण त्यांना हुकूम देणारा प्रोग्राम एका विशिष्ट विंडोजसाठी लिहिलेला असतो. फॉक्सप्रोत लिहिलेले हिशेब आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बन लावून निघणारी बिलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. डॉसचे १६ बिटांचे प्रोग्राम ३२ बिटांच्या एक्सपीवर चालायचे. ६४ बिटांच्या विंडोजने ते दार बंद केलं. मायक्रोसॉफ्टलाही हे कळत होतं. विंडोज ७ च्या व्यावसायिक आवृत्तीबरोबर त्यांनी ‘एक्सपी मोड’ फुकट दिला होता, म्हणजे नव्या सिस्टिमच्या पोटात चालणारी अख्खी जुनी सिस्टिम! अमेरिकेच्या नौदलाने तर २०१५ मध्ये एक्सपीसकट जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल चालू ठेवण्यासाठी मायक्रोसॉफ्टला सुमारे नव्वद लाख डॉलर मोजले. नौदल काही टेकडीच्या प्रेमात नव्हतं.

म्हणजे हे सगळं नाइलाजाचंच आहे का? तसं असतं तर मी त्या संगणकावर बसताना कपाळाला आठ्या घातल्या असत्या. उलट मला तिथे बरं वाटतं, आणि ते का, हे मला वडिलांकडे बघून कळलं.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. देवनागरीची केस इंग्रजीच्या कितीतरी पट मोठी, तिच्यात जोडाक्षरांसाठी खणच खण. ते मजकुराकडे बघत राहायचे आणि उजवा हात न बघता बरोबर त्या खणात जायचा. ऑफसेट आलं, डीटीपी आलं, छापखान्याच्या मालकाने खिळे वितळवायला विकले. लोक म्हणायचे, बरं झालं, शिशात हात काळे करायचे वाचले. वडिलांनाही शिशाची हौस नव्हती. त्यांची हळहळ वेगळी होती. ते त्या कामात वेगवान होते, आणि एका वर्षात ते कुठल्याच कामात वेगवान राहिले नाहीत. पन्नाशीच्या माणसाला माउस धरताना मी बघितलं आहे. तो बाण पडद्यावर पळायचा आणि ते खुर्चीत अवघडून बसायचे.

ऑपरेटिंग सिस्टिम बदलते तेव्हा छोट्या प्रमाणात हेच होतं, आणि बदलणाऱ्यांना ते दिसत नाही. एक्सपीत फोल्डरमधून एक पायरी वर जायला पिवळ्या फोल्डरवर हिरवा बाण असलेलं बटण होतं. व्हिस्टात ते काढलं. विंडोज ७ मध्येही नव्हतं. ८ मध्ये परत आणलं, पण त्याच ८ मध्ये स्टार्टचं बटणच काढून टाकलं! आठवड्याला शेकडो वेळा तिथे जाणारा हात हवेत लटकतो. तरुण माणूस दोन दिवसांत नवं शिकतो आणि विसरून जातो. पण ज्याचं पोट त्या हातावर आहे त्याला प्रत्येक वेळी पुन्हा शिकाऊ उमेदवार व्हावं लागतं.

आणि एक्सपी आता बदलणार नाही. ८ एप्रिल २०१४ नंतर तिच्यात काही नवं येणं जवळजवळ थांबलं. लोक याला तिचं मरण म्हणतात. मला ते तिचं पूर्ण होणं वाटतं. सकाळी चालू करावी तर काल होती तशीच असते. ‘अपडेट होत आहे, बंद करू नका’ म्हणत ती ऐन अंक प्रेसला जायच्या दिवशी वीस मिनिटं खात नाही. कोपऱ्यात बातम्या, हवामान, जाहिरात दाखवत नाही, कोणत्या खात्याने आत यायचं ते विचारत नाही. तिच्या खोडीही ठरलेल्या आहेत: अमुक फॉन्ट जास्त झाले की पेजमेकर अडखळतो, तमुक प्रिंटर आधी चालू केला नाही तर दिसत नाही. तिच्यावर जे शिकले ते अजून चलनात आहे. आजकाल संगणकावर शिकलेल्या किती गोष्टींबद्दल असं म्हणता येतं?

जगात असे लोक सगळीकडे आहेत. कमोडोर कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण तिच्या अमिगा संगणकाच्या सिस्टिमची नवी आवृत्ती २०२१ मध्येही निघाली. मायक्रोसॉफ्ट डॉस सोडणार असं दिसल्यावर जिम हॉल या विद्यार्थ्याने १९९४ मध्ये फ्रीडॉस सुरू केली, ती अजून चालू आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन हे कादंबरीकार डॉसवरच्या वर्डस्टार ४ मध्ये लिहितात आणि त्यांचा तो संगणक इंटरनेटला जोडलेला नाही. आपण लहान अक्षर टंकलं की मोठं करून देणारा संगणक त्यांना नको आहे, असं त्यांनी टीव्हीवर सांगितलं होतं. हे ऐकून मला फार बरं वाटलं. माझ्याही मराठी शब्दांना नवे प्रोग्राम लाल रेघा मारत असतात.

पण एक्सपीवर माया असणारे दोन जातींचे असतात आणि त्यातली एक जात मला अजिबात पसंत नाही. ती म्हणजे ‘मला अजून काही झालं नाही’ म्हणत त्याच संगणकावर इंटरनेट आणि बँकेचे व्यवहार करणारी. सिस्टिममधलं नवं भोक सापडतं तेव्हा कंपनी बुजवायचा तुकडा पाठवते. मुदत संपलेल्या सिस्टिमला तो मिळत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला, ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं अडकली, फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली गेली. प्रकरण इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून तुकडा काढला. त्या वेळी नाव एक्सपीचं फार झालं, खरं तर लागण झालेल्या संगणकांत बहुतांश विंडोज ७ चे होते, ज्यांना तुकडा मिळूनही लावलेला नव्हता. तरी धडा एक्सपीवाल्यांनीही घ्यायचाच. आपल्याकडच्या एटीएममध्येही एक्सपी बसलेली होती. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना ती टप्प्याटप्प्याने बदलायला लावली, ते योग्यच केलं. माझ्या कोपऱ्यातल्या संगणकाला वायर नाही ती याचसाठी. फाइल बाहेर काढायची तर एकच ठरलेला पेनड्राइव्ह, आणि तो आधी नव्या संगणकावर तपासून.

भाच्याचं म्हणणं, हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा एक्सपी नव्या संगणकाच्या पोटात, आभासी यंत्रात ठेव. ठेवली आहे. बरीचशी कामं तिथे होतात, पण लॉकाशी बोलणी होत नाहीत. त्याची स्वतःची माया विंडोज ७ वर आहे. मी त्याला चिडवते, तो मला चिडवतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मुदत संपली आणि ज्यांचे संगणक ठणठणीत असूनही ११ च्या अटींत बसत नाहीत ते लोक चरफडत माझ्याकडे यायला लागले. काही वर्षांपूर्वी हेच लोक १० ला नावं ठेवत होते. एक्सपीला चालायला कमीत कमी ६४ मेगाबाइट मेमरी लागायची, ११ ला ४ गिगाबाइट, म्हणजे चौसष्ट पट. आम्ही करतो ते पान मात्र तेवढंच आहे.

गेल्या पावसाळ्यात त्या कोपऱ्यातल्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क वाचली, लॉक वाचलं. मग जुन्या मालाची दुकानं पालथी घातली. तापकीर गल्लीजवळच्या एका दुकानात पोटमाळ्यावर एक अख्खं कॅबिनेट मिळालं. दुकानातल्या पोराने ते पुसून समोर ठेवलं, पंखा फिरवून दाखवला, किंमत अव्वाच्या सव्वा सांगितली आणि वर म्हणाला, "मावशी, एवढे पैसे देताय तर यावर विंडोज टेन टाकून देतो, फ्रीमध्ये. चालेल जरा हळू."

"विंडोज राहू दे," मी म्हटलं, "ते मागून फिरव आणि पंचवीस पिनांचा पोर्ट चालू आहे का तेवढं बघून दे."